बाईंची साक्ष

९ फेब्रुवारी

ताई,

खुशाली विचारायला बसलेलो नाही, ती या खेपेला राहू दे. एकच विचारतो. तुझ्या त्या न्यायाधीशबाईंनी त्या नावाड्याला सोडलं कसं?

एकतीस माणसं बुडाली, ताई. त्यातली तीन माझ्या वर्गातली. तो वर्ग तेव्हा तिसरीत होता, आता चौथीत आहे आणि माझ्याकडेच आहे. हजेरी घेताना अजून माझी जीभ त्या तीन नावांपाशी अडखळते आणि बाकीची पोरं तेवढा वेळ माना खाली घालून बसतात. मुख्याध्यापकांनी दोनदा सांगितलं, तरी मी ती नावं खोडलेली नाहीत. लाँच त्या माणसाच्या हातात होती. त्यानं कबुली दिली, पोलिसांपुढे सही केली, पेपरात छापून आलं. आणि वर्षभर खटला चालवून तुझ्या बाई म्हणतात, गुन्हा शाबीत होत नाही, सोडा!

शिंप्याचं तर तू डोळ्यांनी पाहिलं असशील. माझा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्या तिघांतली एक त्याची एकुलती एक मुलगी. निकाल ऐकला आणि तो कठडा ओलांडून नावाड्याच्या अंगावर गेला. आता कोठडीत आहे. पोलीस म्हणतात, कात्री घेऊन जीव घ्यायलाच आला होता. शिंप्याच्या खिशात कात्री नाही तर काय वल्हं सापडणार? त्याची बायको रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसते. दिवेलागण झाली की उठून जाते.

म्हणजे नावाडी मोकळा आणि शिंपी आत. सोळा वर्षं तू त्या बाईंचं शॉर्टहँड घेतेस. त्यांचा शब्द न् शब्द तुझ्या हातून जातो. हा निकालही तूच टाइप केलास ना? मग तूच सांग, त्यात लिहिलंय तरी काय. माझ्या वर्गाला मी काय सांगू?

धाकटा

---

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डब्यातलं जेवण तसंच राहिलं. रागावू नकोस असं म्हणणार नाही. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं.

निकाल चौऱ्याण्णव पानांचा आहे. कुणीही मागून घेऊन वाचावा, पण पेपरवाल्यांनी शेवटची ओळच वाचली. थोडक्यात सांगते. नावाड्याची कबुली त्याला मारून घेतली होती. पहिल्यांदा कोर्टात आणला तेव्हा त्याला पाऊल टेकवत नव्हतं. डॉक्टरच्या कागदावर त्याच्या तळव्यांवरचे वळ मोजून लिहिलेत. अशी कबुली वाचायचीच नाही, असा कायदा आहे. ती बाजूला ठेवली की उरतं काय? धक्क्यावरच्या चार साक्षीदारांनी सांगितलं की नावाडी "आता बास, आता एकही नको" म्हणून ओरडत होता आणि मालकाचा माणूस लोकांना आत ढकलत होता. त्या मालकाला पोलिसांनी आरोपीच केलं नव्हतं. बाईंनी लिहिलंय, ज्यानं माणसं भरली तो माझ्यापुढे आणलाच गेला नाही, म्हणून जो समोर उभा आहे त्याला त्याची शिक्षा देता येत नाही.

सोपं गेलं असेल असं समजू नकोस. त्या निकालाचं शेवटचं पान बाईंनी मला दोनदा सांगितलं. एकदा संध्याकाळी, आणि पुन्हा नव्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी. याच्या पुढचं मला विचारू नकोस. एवढंसुद्धा लिहायला नको होतं.

शिंप्याचं मी पाहिलं, पण कामाचं काही पाहिलं नाही. माझी मान वहीत होती. खुर्ची पडल्याचा आवाज आला, मी वर पाहिलं तोवर वकिलांची पाठच पाठ. "जीव घेईन तुझा" एवढं ऐकू आलं. मग शिपायांनी त्याला ओढत नेलं. त्याच्या हातात काय होतं, काही होतं की नव्हतं, मला खरंच दिसलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हाही हेच सांगितलं.

त्याच्या बायकोला माझं नाव सांगू नकोस. सांगायला माझ्याकडे काही नाही.

तुझी ताई

---

२ मार्च

ताई,

निकालाची प्रत मागवली आहे, आली की वाचीन. पण लोक वाचून गप्प बसणार नाहीत. तुझ्या कानावर आलंच असेल, विधिमंडळानं चौकशी समिती नेमली आहे. आमच्या गावातून सहाशे सह्या गेल्या. त्यातली पहिली कुणाची, ते तू ओळखशीलच.

समितीचे दोन सदस्य परवा शाळेत येऊन गेले. भले वाटले. वर्गात बसले, तीन रिकाम्या जागा पाहिल्या, एकाचे डोळे भरून आले. ते म्हणाले, बाईंना शपथेवर बोलावून विचारू की असा निकाल का दिला, कुणी काही बोललं होतं का, मन कशानं बदललं. विचारायला काय हरकत आहे, ताई? मी पोरांना रोज विचारतो, उत्तर काढलंस ते कसं काढलंस, रीत दाखव. न्यायाधीशांनी तेवढी रीत दाखवली तर त्यांचं काय जातं?

तू काळजी करू नकोस. तुझं नाव कुठे येणार नाही.

शिंप्याला जामीन नाकारला.

धाकटा

---

११ मार्च

धाकट्या,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल दोन नोटिसा आल्या. एक बाईंना, एक मला. बाईंनी समितीपुढे हजर राहून निकालामागची कारणं सांगायची. मी त्या खटल्याच्या शॉर्टहँडच्या सगळ्या वह्या घेऊन जायचं. माझ्या नोटिशीत लिहिलंय, "शेवटचे पान दोन वेळा सांगण्यात आले, ती दोन्ही पाने." दोन वेळा! हे बाईंना ठाऊक, मला ठाऊक, आणि त्या सकाळी चहा घेऊन आत आलेल्या म्हाताऱ्या पट्टेवाल्याला ठाऊक. त्याच्याशी मी कालपासून बोलत नाही. आज त्यानं माझ्यासाठी दार धरलं तर मी दुसऱ्या दारानं गेले. वीस वर्षांची ओळख, आणि असं करावं त्यानं?

बाईंनी दोन्ही नोटिसा वाचल्या. मला वाटलं, विचारतील की हे बाहेर कसं गेलं. काही विचारलं नाही. म्हणाल्या, "वह्या तुमच्याही नाहीत आणि माझ्याही नाहीत. कोर्टाच्या आहेत. कपाटाला सील लावून किल्ली वरच्या न्यायालयाकडे पाठवते. ते म्हणतील तसं." मग पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. दोन भावांच्या सामाईक भिंतीचं भांडण होतं. बाईंनी दोन तास त्या भिंतीशिवाय दुसरा विचार केला नाही. मी मात्र तीनदा चुकीचा शब्द घेतला.

वकील मंडळी म्हणतात, समिती बाईंना अटकसुद्धा करू शकते. कुणी म्हणतं, करूच शकत नाही. माहीत कुणालाच नाही, कारण असं कधी झालेलंच नाही.

एक सांग. तुझ्याकडे आलेले ते सदस्य भले होते म्हणालास. त्यांना गाठून काही करता येईल का?

ताई

---

१५ मार्च

ताई,

पट्टेवाल्याशी बोल. त्याची माफी माग. तो मीच.

ते सदस्य वर्गात बसले होते. मी तुझं पत्र खिशातून काढलं आणि ती एक ओळ वाचून दाखवली. फक्त ती ओळ. मला वाटलं, मन बदललं म्हणजे कुणीतरी बदलायला लावलं. त्यांनी पत्र मागितलं ते दिलं नाही, आणि तेवढ्यानं मी स्वतःला फार शहाणा समजलो. मागच्या पत्रात हे तुझ्यापासून लपवलं. "तुझं नाव येणार नाही" असं लिहिताना मला ठाऊक होतं की ते येईल.

लहानपणी तुझ्या वहीवर शाई सांडली तेव्हा मी सगळं मांजरावर ढकललं होतं. तेव्हा तू हसलीस. आता हसू नकोस. उत्तरही लिहू नकोस, हवं तर.

निकाल मिळाला. वाचतो आहे. एकेचाळिसाव्या पानावर थांबलो. डॉक्टरचा कागद तिथे आहे.

धाकटा

---

२९ मार्च

धाकट्या,

पंधरा दिवस उत्तर लिहिलं नाही कारण तुला शिव्याच लिहिल्या असत्या. आता त्या संपल्या. आणि जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, ते तुलाच सांगते.

आधी पट्टेवाला. मी माफी मागितली तर म्हणाला, "बाई, मी म्हटलं तुमचे गुडघे दुखत असतील, म्हणून लांबच्या दारानं जाताय." त्याला कळलंच नव्हतं की मी अबोला धरलाय! मी तिथेच स्टुलावर बसून हसले आणि मग रडले.

मग बाईंकडे गेले. म्हटलं, "ते माझ्या पत्रातून गेलं. माझ्या धाकट्या भावाला लिहिलं होतं." चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "चौथीचे मास्तर? मृतांच्या यादीत एकाच वर्गातली तीन नावं होती. त्यांना जाणून घ्यावंसं वाटणारच." मी राजीनाम्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर दुसऱ्याच प्रकरणाची तारीख टिपून घेतली. म्हणाल्या, "चूक केलीत. पुन्हा करू नका. आणि पान दोनदा लिहिलं जातं यात लाजण्यासारखं काही नाही. सही होईपर्यंत मन मोकळं असावं लागतं. लाज वाटायची तर ते बंद झाल्याची वाटावी."

समितीचं बोलावणं सव्वीसला होतं. मोठं दालन, अर्धगोल टेबल, त्यामागे अकरा जण. मधे एक लहानसं टेबल, त्यावर पाण्याचा ग्लास. मागे बाकांवर माणसं दाटलेली, कितीतरी जणांच्या छातीवर बुडालेल्यांचे फोटो लावलेले. आपल्या गावचेही असतील. मला त्यांच्याकडे बघवेना. आधी मला पुकारलं. अध्यक्षांनी विचारलं, वह्या कुठे आहेत? सांगितलं, सीलबंद आहेत. म्हणाले, मग तोंडी सांगा, पहिल्या वेळी पानात काय होतं? आणि धाकट्या, माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. म्हटलं, "साहेब, बाई जे सांगतात ते मी लिहिते, आणि त्या सही करतात तो निकाल असतो. सहीच्या आधीचं सगळं त्यांच्या मनातलं आहे. मी त्यांच्या मनाची कारकून नाही." मागून कुणीतरी मला शिवी दिली. मी बसले.

मग बाई उठल्या. झगा नव्हता, साधी राखाडी साडी, हातात एक छोटी बॅग. नाव, हुद्दा, निकालाची तारीख, एवढं शपथेवर सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "आता सांगा, या माणसाला का सोडलंत?"

"चौऱ्याण्णव पानांत सांगितलं आहे."

"ते आम्ही वाचलं. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

"माझ्या तोंडात त्याहून वेगळं काही नाही. निकाल चुकला असेल तर माझ्यावर वरचं न्यायालय आहे. तिथे अपील करा. ते माझा निकाल फाडून टाकू शकतात, आणि मी हूं की चूं करणार नाही. पण मी कसा विचार केला याची उलटतपासणी इथे देणार नाही."

एक सदस्य टेबलावर हात आपटून म्हणाला, "एकतीस माणसं मेली आहेत, बाई!"

यावर बाई वळल्या. त्या अकरा जणांकडे पाठ करून बाकांकडे, फोटो लावलेल्यांकडे वळल्या. म्हणाल्या, "मला ती एकतीस नावं पाठ आहेत. तुमच्यापैकी कुणाला राग असेल तर तो खरा आहे, आणि मला तो झेलला पाहिजे. पण उद्या तुमच्यातलाच कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात असेल, बाहेर अख्खं गाव त्याच्या विरुद्ध ओरडत असेल. तेव्हा समोरच्या न्यायाधीशाच्या मनात 'मला याचा जाब उद्या या टेबलाशी द्यावा लागेल' ही भीती असली, तर तुमचं ऐकायला त्या खोलीत कुणीच उरणार नाही. ती भीती मी आज माझ्यापासून सुरू करणार नाही."

शिवी देणाऱ्यानं छातीवरचा फोटो सरळ केला.

अध्यक्ष जरा हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला ताब्यात घेण्याचा हुकूम आम्ही काढू शकतो, याची कल्पना आहे ना?"

"तो अधिकार तुम्हाला आहे की नाही, हे मी ठरवायचं नाही. वरचं न्यायालय ठरवील. तोवर तुम्ही न्याल तिथे येते. कपडे आणलेत, आणि कुंड्यांना पाणी घालायला शेजारणीला सांगून आलेय."

बॅगेत तेच होतं, रे. दोन साड्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या. सोळा वर्षं मी या बाईंच्या डाव्या हाताला बसले. त्यांना खोकला येतो, पेन सापडत नाही, दुपारी जांभई आवरत नाही, सगळं माहीत. आणि त्या दिवशी मला वाटलं की मी या बाईंना आज पहिल्यांदा पाहतेय. साठीला आलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई, आणि ते दालन तिच्यापुढे लहान झालं.

समितीनं तास-दीड तास आत खल केला आणि तहकुबी दिली. काल वरच्या न्यायालयाचा हुकूम आला. निकाल कसा दिला हे सांगायला कोणत्याही न्यायाधीशाला भाग पाडता येणार नाही. वह्यांचं सील तसंच राहील.

तू चुकलास. पण तू मांजरावर ढकललं नाहीस या वेळी. तेवढ्यासाठी हे पत्र.

ताई

---

४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी वर्गाच्या दारात उभ्यानं वाचलं. काय लिहू? निकालही पूर्ण वाचून झाला. राग गेला असं नाही. पण तो आता नावाड्यापाशी थांबत नाही, पुढे धक्क्यावरच्या माणसाकडे जातो.

आता मात्र दुसरंच संकट आहे, आणि त्यातही गाठ तुझ्या बाईंशीच आहे. शिंप्याचा खटला वीस तारखेला आहे, तुमच्याच इमारतीमागच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात. दोन शिपाई शपथेवर सांगणार की कात्री हातात होती आणि ती नावाड्याच्या गळ्यावर धरली होती. शिंपी म्हणतो, कात्री खिशात होती, सकाळी दुकानातून निघाला तशीच राहिली. बाकी त्याला काही आठवत नाही. डोळ्यांपुढे अंधार आला होता म्हणतो. वकिलांच्या पाठीमुळे कुणालाच काही दिसलं नाही, नावाडी गाव सोडून गेलाय, पत्ता नाही.

शिंप्याचा वकील म्हणाला, एकच माणूस उंचावर बसलेला होता. ज्याला वरून सगळं दिसलं असेल. म्हणजे तुझ्या बाई.

पण ज्या बाई विधिमंडळापुढे बोलल्या नाहीत, त्या एका शिंप्यासाठी बोलतील? वकील म्हणतो, आता तर वरच्या न्यायालयाचा हुकूमच हातात आहे, तो दाखवून मोकळ्या होतील. आणि आम्ही सहाशे जणांनी त्यांच्याविरुद्ध सह्या केल्यात. पहिली माझी. कुठल्या तोंडानं मागू? तू एक शब्द टाकशील का?

धाकटा

---

९ एप्रिल

धाकट्या,

मी शब्द टाकणार नाही. एकदा माझ्या शब्दानं जे झालं ते पुरे आहे.

पण जे माझ्या समोर झालं ते सांगते, आणि हे सांगायला बाईंची परवानगी घेतली आहे. साक्षीचं समन्स सोमवारी आलं. मीच टेबलावर ठेवलं. बाईंनी वाचलं, पोच म्हणून सही केली, डायरी उघडून वीस तारखेपुढे लिहिलं, "साक्ष. अकरा वाजता." बस.

मला राहवलं नाही. विचारलं, "बाई, जाणार? तिकडे तर..." त्या म्हणाल्या, "तिकडे मला विचारत होते की मी काय विचार केला. इथे विचारतायत की मी काय पाहिलं. पहिलं माझ्या खुर्चीचं आहे, ते कुणी मागू शकत नाही. दुसरं माझ्या डोळ्यांचं आहे. ते मी कुणापासून लपवू शकत नाही. माझ्यासमोर एखाद्यानं दुसऱ्याला मारलं, तर मी पट्टेवाल्याइतकीच साक्षीदार." मग म्हणाल्या, "तुमच्या भावाला लिहाल तर एवढं लिहा, मी शिंप्याच्या बाजूनं येत नाही. कुणाच्याच बाजूनं येत नाही. जे दिसलं ते सांगीन, मग ते कुणालाही लागू दे."

म्हणून फार आशा धरू नकोस. मी "जीव घेईन" ऐकलं होतं. तेव्हा त्यांनीही ऐकलं असणारच.

आणखी एक. बाईंची बदली झाली आहे, सहा तासांच्या वाटेवरच्या एका लहान ठिकाणी. कागदावर प्रशासकीय कारण आहे. त्यांनी कारण विचारलं नाही. आज त्यांची पुस्तकं बांधली. वीसला त्या तिथून पहिल्या बसनं येतील.

मला नव्या साहेबांकडे लावलंय, ते रजा देत नाहीत. इतके दिवस मी पाहिलं आणि तुला लिहिलं. या खेपेला तू बघ आणि मला लिही. काही गाळू नकोस.

ताई

---

२१ एप्रिल

ताई,

काल तुला न भेटताच परत आलो, कारण शिंप्याला घरी आणायचं होतं. हो, आणायचं होतं. पण क्रमानं सांगतो, तू गाळू नकोस म्हणालीस.

ती खोली माझ्या वर्गाहून लहान. भिंतीचा रंग खांद्याच्या उंचीपर्यंत माणसांनी टेकून टेकून पुसलेला. अकराला पाच मिनिटं कमी असताना बाई आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या, शिंप्याची बायको आणि मी यांच्या मधे. मला माहीत नव्हतं त्या कोण. गुडघ्यावर बॅग, पायांत धुळीनं माखलेल्या चपला. मला विचारलं, "इथे पाणी कुठे मिळेल?" मी आणून दिलं. नाव पुकारलं आणि त्या उठल्या, तेव्हा त्यांनी परत दिलेला रिकामा ग्लास माझ्या हातात तसाच राहिला.

मॅजिस्ट्रेट तिशीतला मुलगा. बाईंना पाहून खुर्चीवरून अर्धा उठला. बाई म्हणाल्या, "बसा, साहेब." साहेब! आणि त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्या. त्यांना खुर्ची देऊ केली तर म्हणाल्या, "आधीचे साक्षीदार उभे होते ना?" आणि उभ्याच राहिल्या, सगळा वेळ. आधी त्या दोन शिपायांनी जिथे हात ठेवून शपथ घेतली, तिथेच हात ठेवून शपथ घेतली.

सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपी काही बोलला का?"

"हो. 'जीव घेईन तुझा' म्हणाला. मी स्पष्ट ऐकलं."

आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. शिंप्याच्या बायकोनं माझी बाही पकडली. माझ्या मनात आलं, संपलं.

"दोनदा म्हणाला," बाईंनी स्वतःहून सांगितलं. "मग त्यानं नावाड्याची कॉलर धरली. दोन्ही हातांनी."

आमचा वकील उभा राहिला. घाबरतच त्यानं विचारलं, "हातात काही होतं?"

"नव्हतं. माझी खुर्ची तीन पायऱ्या वर आहे. मला त्याचे दोन्ही हात मनगटापासून बोटांपर्यंत दिसत होते. ते रिकामे होते."

"शिपाई सांगतात, कात्री गळ्यावर धरली होती."

"शिपाई तिथे पोहोचले तोवर पुढचं होऊन गेलं होतं."

"पुढचं काय?"

बाई जरा थांबल्या. आठवून बघत नव्हत्या, ताई. पुन्हा पाहत होत्या. म्हणाल्या, "कॉलर धरली आणि आरोपीचे पाय गेले. तो खाली कोसळत होता. नावाड्यानं त्याला दोन्ही हातांनी काखेत धरून सावरलं. आरोपीनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि तो रडायला लागला. नावाडीही रडत होता. चार-पाच श्वास झाले असतील. मग शिपायांनी त्यांना वेगळं केलं. तेव्हा कुणाला काही दिसलं नाही, कारण वकील उभे होते. मला दिसलं."

लिहून घेणाऱ्या कारकुनाचं पेन थांबलं, आणि मॅजिस्ट्रेटनं त्याला "लिहा" असं म्हणायलाही वेळ घेतला.

सरकारी वकील शेवटचा उठला. म्हणाला, "म्हणजे तुम्हाला तेव्हाच या नावाड्याबद्दल सहानुभूती होती, म्हणून त्याला—"

"हा प्रश्न माझ्या निकालाबद्दल आहे," बाई म्हणाल्या. "त्याचं उत्तर मी देणार नाही." जितक्या सहज आधीची सगळी उत्तरं दिली, तितक्याच सहज. मॅजिस्ट्रेटनं प्रश्न खोडला. तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी समजत होतो की त्या तिकडे बोलल्या नाहीत आणि इकडे बोलल्या. तसं नव्हतंच. दोन्हीकडे त्यांनी एकच केलं. त्यांच्यासारखं सरळ उभं राहिलेलं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि मी रोज चाळीस पोरांना सरळ उभं राहा म्हणून सांगतो.

बाहेर आल्या तेव्हा मी आडवा गेलो. सांगितलं, मी कोण ते. सह्यांचंही सांगितलं, पत्राचंही. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या वर्गातलं कुणी मोठेपणी न्यायाधीश झालं तर त्याच्यासमोर रागावणारी माणसंही असावी लागतील. मुलांना राग आवरायला सांगा, मारून टाकायला सांगू नका." मग घड्याळ पाहिलं. त्यांची बस होती. मी बॅग उचलायला गेलो तर म्हणाल्या, "हलकी आहे."

दुपारी निकाल झाला. कात्री गळ्यावर धरली हे शाबीत नाही. कोर्टात दंगा केल्याबद्दल जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा. चारच्या सुमाराला शिंप्याला सोडलं.

बसमध्ये तो खिडकीशी बसला, बायको मधे, मी कडेला. निम्मी वाट सरली. मग त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "मास्तर, बाई म्हणाल्या ते खरं असेल?"

"शपथेवर म्हणाल्या. तुझ्याविरुद्धचंही तेवढंच खरं सांगितलं की त्यांनी."

"मला आठवतच नव्हतं रे," तो म्हणाला. "त्यानं मला धरलं होतं, हे मला आठवतच नव्हतं."

त्याच्या बायकोनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बस पुलावर आली. खाली नदी होती. दीड वर्षात पहिल्यांदा त्यानं मान फिरवली नाही. पूल ओलांडेपर्यंत पाण्याकडे पाहत राहिला, आणि पलीकडे उतार लागल्यावर म्हणाला, "तो नावाडी गाव सोडून कुठे गेला, ते शोधता येईल का आपल्याला?"

मी म्हटलं, शोधू.

धाकटा